चेकर्स ‘संपलेला खेळ’ आहे म्हणणारा मेसेज पुढं ढकलू नका

आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय. चेकर्ससारख्या (पटावर तिरप्या चालीनं समोरच्याच्या सोंगट्या मारायच्या) बारक्या खेळाला डोकं लागत नाही, कॉम्प्युटरनं तो कधीच सोडवलाय, मग पोरांनी त्यात वेळ कशाला घालवायचा, आणि वर म्हणे हार्ड लेव्हलला मोबाईल कॅमेऱ्यातनं तुमचे डोळे बघून चाल ओळखतो. राजारामपुरीतल्या माझ्या भाचीनं हे वाचून चेकर्सचं ॲपच काढून टाकलं, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

कॅमेऱ्याचं आधी मिटवतो. अहो, सगळ्या सोंगट्या दोघांनाही दिसतात, लपलेलं काहीच नाही, मग डोळ्यात बघून काय मिळणार? ही चाल केली तर समोरचा काय करंल, मग आपण काय, एवढंच प्रोग्राम पुढं पुढं तपासत जातो. कॅमेऱ्याची परमिशन बंद करून बघा, तसाच खेळंल.

आता ‘सोडवलाय’. हे अर्धं खरं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांच्या टीमनं २००७ ला सिद्ध केलं की दोघंही एकदासुद्धा चुकले नाहीत तर डाव बरोबरीत सुटतो. पण त्याला १९८९ पासनं १८ वर्षं लागली, कारण पटावर होऊ शकणाऱ्या स्थिती म्हणजे पाचावर वीस शून्यं! ह्या कुणाच्या डोक्यात मावणार आहेत? माणसं चुकणारच आणि ती चूक पकडणं हाच तर खेळ. १९९० ला शेफर यांच्याच चिनूक प्रोग्रामसमोर चेकर्सचे जगज्जेते मॅरियन टिन्स्ली बसले होते, चिनूकनं दहावी चाल केली, आणि टिन्स्ली तिथल्या तिथं म्हणाले की याचा तुला पस्तावा होईल, आणि पुढं खरंच चिनूकला डाव सोडायला लागला. मशीनला न दिसलेलं माणसाला दिसलं, तेही बारा-बारा सोंगट्यांच्या खेळात, आणि म्हणे डोकं लागत नाही.

फुल्लीगोळ्याबद्दल असं म्हणाल तर मान्य, तो लवकर संपतो. पण गो ह्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाचे नियम पण थोडकेच आहेत, आणि त्यातल्या अव्वल खेळाडूला, ली सेडोलला हरवायला कॉम्प्युटरला २०१६ उजाडलं.

कॉम्प्युटर चीटिंग करतो हे पण मेसेजमध्ये आहे. सिव्हिलायझेशनसारख्या गेममध्ये वरच्या लेव्हलला त्याला उत्पादनात जादा सवलत मिळते, एवढं कबूल करावं लागतं. चेकर्सच्या पटावर सोंगट्या दोघांना सारख्याच, तिथं लेव्हल खाली केली की बहुतेक प्रोग्राम कमी चाली पुढचं बघतात, त्यामुळं पोरगं हार्डला हरलं तर लेव्हल उतरवा, चाली मागं घेऊन कुठं चुकलं ते त्यालाच शोधू द्या.