‘आधी कालगणना शिका’ म्हणणाऱ्या वाचकाला

‘इतिहासाचा विद्यार्थी’ या नावाने लिहिणारे महोदय,

प्रतिक्रियेबद्दल आभार. ६ जूनच्या दिनविशेषात मी विचारलं होतं, शिवराज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील कोण? (उत्तर : हेन्री ऑक्झिंडन.) त्यावर आपण लिहिलंत, “६ जून ही जुन्या कॅलेंडरची तारीख, आजच्या हिशेबाने ती १६ जून. आधी कालगणना शिका, मग लोकांना शिकवायला या.” शिवाय एप्रिलमधल्या रेल्वेच्या प्रश्नात चूक आहे, रोज राजे आणि लढायाच असतात, आणि असल्या प्रश्नांनी इतिहास कळत नाही, नुसतं पाठांतर होतं, असंही आपलं म्हणणं.

रेल्वेचं आधी उरकतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती ‘भारतातली पहिली रेल्वे’, असं मी लिहिलं. ‘पहिली प्रवासी रेल्वे’ लिहायला हवं होतं. मद्रासजवळ दगड वाहणारी आणि रुडकीला कालव्याची माती वाहणारी गाडी त्याआधीच रुळांवरून धावली होती. चूक मान्य, दुरुस्ती केली. दाखवून दिली की मी मान्य करतो, हे नोंदवून ठेवा.

पण ‘शिकवायला या’? हे वाक्य मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय.

आमचे अण्णा दोनशिक्षकी शाळेत गुरुजी होते. परिपाठाआधी फळ्यावर सुविचार आणि दिनविशेष लिहायचं काम मी चौथीत असल्यापासून माझ्याकडे. अण्णांची एक जाड वही होती, तारखेला एक पान, २९ फेब्रुवारीलासुद्धा (त्यावर मोरारजी देसाईंचा जन्म, १८९६, एवढी एकच ओळ). प्रत्येक जुन्या तारखेशेजारी लाल शाईने तिथी आणि शक. शिवजयंतीचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता, म्हणून अण्णांनी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ आणि फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, दोन्ही फळ्यावर लिहायला लावल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी पोरांसमोर विचारलं, “गुरुजी, महाराज दोनदा जन्मले का?” पोरं हसली. अण्णा काही बोलले नाहीत. त्या वहीवर वाढलेल्या माणसाला तुम्ही कालगणना शिकायला सांगताय.

तर ऐका. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी ते लगेच उचललं. इंग्रज पोपचं ऐकणार नव्हते, ते १७५२ पर्यंत जुन्यालाच धरून बसले. त्यामुळे १६७४ साली माहीमच्या इंग्रजाच्या कागदावर ६ जून असेल, तर खाडीपलीकडे वांद्र्याच्या पाद्र्याच्या कागदावर १६ जून. वांद्रे तेव्हा पोर्तुगीजांचं. होडीत बसून पलीकडे गेलं की माणूस दहा दिवस पुढे! रायगडावर मात्र ना ६ होती ना १६. तिथे होती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ऑक्झिंडन इंग्रज, त्याची तारीख इंग्रजी, प्रश्न त्याच्यावर, म्हणून ६ जून. यात अडाणीपणा कुठे दिसला?

आणि बदलायची म्हटली तर एकच कशी बदलाल? जिजाऊंचं निधन १७ जूनचं, तीही जुनीच तारीख. राज्याभिषेक १६ ला नेलात आणि ती तशीच ठेवलीत, तर मधले अकरा दिवस गेले कुठे? अभिषेकाच्या दुसऱ्याच दिवशी महाराजांची आई गेली, असं सांगणार का पोरांना? मग १९ फेब्रुवारी १६३० चीही १ मार्च करा. करा जाहीर आणि या चौकात. पानिपताची १४ जानेवारी १७६१ तेवढी हलवू नका, तोवर इंग्रजांचं कॅलेंडर बदललं होतं. एवढं तुम्हाला माहीत असेलच म्हणा, विद्यार्थी आहात.

(हो, रशियाच्या ऑक्टोबर क्रांतीचा प्रश्न मी ७ नोव्हेंबरला टाकला होता, २५ ऑक्टोबर या तिथल्या जुन्या कॅलेंडरच्या तारखेला नाही. आता तो उकरून काढू नका. रशियन लोक स्वतःच ती नोव्हेंबरात साजरी करत.)

राजे आणि लढायांबद्दल : ३ जानेवारीला सावित्रीबाई होत्या, ६ जानेवारीला ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वृत्तपत्र होतं. मागे जाऊन बघायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं. पाठांतराबद्दल पुन्हा कधीतरी, आज तेवढा वेळ नाही.

एक सांगायचं राहिलं. “१६ जूनबद्दलही एक ओळ टाका की,” एवढं लिहिलं असतंत, तर मी त्याच रात्री टाकली असती, वर तुमचं नावही दिलं असतं. अर्थात खरं नाव कळलं असतं तर.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. १७ जूनला जिजाऊंवर प्रश्न आहे, सकाळी सातला. तारीख पटत नसेल तर २७ ला या.