हबात ग्रीस ठासायचं नाही ते का

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘तीस वर्षं जीप चालवतोय. हब ग्रीसनं गच्च भरतो, बेअरिंगचा नट छिन्नीनं ठोकून आवळतो, पावसाळाभर हब लॉकच ठेवतो. काही बिघडलं नाही. लोकांना उगाच घाबरवू नका,’ असं तुमचं म्हणणं. (नवख्यांसाठी: हब म्हणजे चाकाचा मधला भाग. पुढच्या लॉकिंग हबावरची डायल ‘लॉक’वर फिरवली की चाक अ‍ॅक्सलच्या शाफ्टला जोडलं जातं, ‘फ्री’वर सुटं होतं.)

हब लॉक ठेवण्याच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर, माझं चुकलं. लॉक केलेल्या हबांनी डांबरी रस्त्यावर फिरलं की पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर) खराब होतो, असं मी लिहिलं होतं. टू-व्हील/फोर-व्हील बदलायचा दांडा टू-व्हीलवर असेल तर तसं काही होत नाही. पुढचा अ‍ॅक्सल नुसता सोबत फिरतो, थोडं डिझेल जास्त जातं, थोडी झीज होते, इतकंच. ताण येतो तो कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावल्यावर. मी दोन्हींची गल्लत केली. ते वाक्य आज बदललंय. उलट वर्षभर हब फ्री ठेवणाऱ्यांनीच महिन्यातून एकदा लॉक करून पाच-दहा किलोमीटर गाडी न्यावी, म्हणजे आतल्या गिअरना तेल लागतं.

ग्रीसचं मात्र पटत नाही. बेअरिंगमध्ये ते तळहातावर घेऊन, रोलरांच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत दाबून भरायचं. तिथं कंजुषी नको. पण लॉकिंग हबात दातेरी कडं सरकून जागेवर बसायचं असतं, त्याला पातळ हात पुरतो. माझ्या १९९१च्या महिंद्रा एमएम ५४० जीपचे हब एका गॅरेजनं ठासून भरून दिले होते. वेल्ह्याकडच्या एका ओढ्यात फोर-व्हील लावलं, दोन्ही डायल लॉकवर. डाव्या हबातलं कडं ग्रीसमध्ये अर्ध्यावरच अडकलेलं. मग काय, डिफरन्शियलनं सगळा जोर डाव्या मोकळ्या शाफ्टला दिला आणि पुढची दोन्ही चाकं ढिम्म. ट्रॅक्टरनं ओढून काढावं लागलं. ट्रॅक्टरवाला पैसे घेईना, चहा तेवढा घेतला.

घरी हब उघडला तर ग्रीस फेटलेल्या ताकासारखं. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून म्हणतो, दसऱ्याच्या आसपास एकदा उघडा.

आता नट. विलिज या जुन्या जीप कंपनीच्या मॅन्युअलात साधी रीत आहे: चाक फिरवत फिरवत ते जड होईपर्यंत नट आवळायचा, मग साधारण १/६ फेरा मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे. ‘ढिला नट म्हणजे चाक निखळणार,’ असं तुम्ही लिहिलंय. पण त्याच्यावर वॉशर आणि दुसरा नट कशाला दिलाय? टेपर रोलरला (निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगला) जरा जागा लागते. नाही दिली तर तो तापतो, निळा पडतो. छिन्नीनं ठोकताना आवळ किती झाली ते हाताला कळत नाही, शिवाय नटाच्या कोपऱ्याचा कीस बेअरिंगमध्ये पडतो. मी स्वतः चिंधीनं पुसून काढलाय तो. नटाच्या मापाचा मोठा सॉकेट पाना एकदाच घ्यावा लागतो.

तुमच्या जीपचं म्हणाल तर वीस किलोमीटर चालवून दोन्ही हबांना हात लावून बघा. एकाच बाजूला चटका बसला तर आधी ब्रेक घासतोय का पाहा, मग नट.