गादी सरकली, म्हणजे नक्की काय झालं?

'एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आला म्हणजे गादी सरकली. दुखणं बल्जचंच, नस दबली. आता आयुष्यभर वाकायचं नाही. वेळीच ऑपरेशन केलं नाही तर पाय जाणार.' हा मेसेज मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला.

'गादी सरकली.' मणक्यांमधली गादी सुटी नसतेच, वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. बल्ज म्हणजे तिची कड जराशी फुगलेली. ही कड फाटून आतला मऊ गर बाहेर आला तर रिपोर्टात 'एक्स्ट्रुजन' लिहितात, ते वेगळं प्रकरण. 'डेसिकेशन' वाचून तर लोक हबकतातच. गादीतलं पाणी कमी झालंय, म्हणून ती फिल्मवर काळी दिसते, एवढाच त्याचा अर्थ. वयाबरोबर केस पांढरे होतात, गादी काळी.

'दुखणं बल्जचंच.' १९९४ साली कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय अभ्यासले गेले. ५२ टक्के लोकांत एखादा तरी बल्ज निघाला. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. काहीही त्रास नसलेल्यांत बल्जचं प्रमाण विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६०, ऐंशीत ८४! म्हणजे पन्नाशीनंतर ज्याला बल्ज नाही तोच वेगळा.

'नस दबली.' हे मात्र रिपोर्टात नीट शोधावं लागतं. 'थीकल सॅक इंडेंटेशन' म्हणजे नसा ज्या पाण्याच्या पिशवीत असतात तिला गादी टेकली. नस चेपली असं नव्हे. पुढे कोणती नस, कोणती बाजू लिहिलीय? उजवी एल५ (कमरेतली पाचवी नस) लिहिलंय आणि कळ डाव्या पायात जातेय, तर फोटो आणि दुखणं जुळत नाही. डॉक्टर पायाचा अंगठा वर उचलायला लावून दाबून बघतात ना, ते उगाच नाही. ते काम मुख्यतः एल५ नसेचं. दोन मिनिटांची ही तपासणी फिल्मला अर्थ देते.

'वाकायचं नाही.' उलट, अंथरुणाला खिळून राहिल्यानं कंबर आखडते. झेपेल तसं हिंडत-फिरत राहायचं.

'ऑपरेशन नाही तर पाय जाणार.' बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीरच काही महिन्यांत शोषून घेतं. गंमत म्हणजे सुटून पडलेला मोठा तुकडा साध्या बल्जपेक्षा जास्त वेळा विरतो. घाई करायची ती वेगळ्याच लक्षणांसाठी: लघवी अडकणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायची जागा बधिर होणं, पायातली ताकद झपाट्यानं कमी होणं. यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पाय जाण्याची धमकी देणाऱ्या त्या मेसेजात यातलं एकही लक्षण नाही.