एशियाडने जुने टीव्ही बंद पाडले नाहीत

इंदूरच्या आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय: रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर १९८२च्या एशियाडपासून, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांपासून, सुरू झालं आणि कृष्णधवल संच एका रात्रीत भंगार झाले.

दोन्ही चूक. दूरदर्शनवर रंग त्याआधीच, १५ ऑगस्ट १९८२ला, लाल किल्ल्यावरच्या सोहळ्यात दिसले. आणि पाल (PAL) या आपल्याकडच्या रंगीत प्रक्षेपणाच्या पद्धतीत उजेड-अंधाराचा संकेत वेगळा, रंगाचा त्याच्यावर बसवलेला. जुना संच पहिला घेतो, दुसरा सोडून देतो. म्हणूनच रामबागेतल्या आमच्या काकूंचा शटरवाला संच पुढे कितीतरी वर्षं चालला. त्यावर पट्ट्यापट्ट्यांचा प्लास्टिकचा कागद लावलेला, वर निळा, खाली हिरवा. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ कायम निळं! काकू मात्र ठामपणे सांगायच्या, "आमचा रंगीतच आहे हो."