फॉक्सप्रोच्या फाइलींबद्दलच्या दोन स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

फॉक्सप्रो या नोंदी ठेवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या आपल्या फाइली एक्सेलमध्ये काढून द्यायचं काम आमच्याकडे होतं, त्याबद्दलचा आपला रिव्ह्यू वाचला. तीन दिवस सांगून अकरा दिवस लागले आणि पतसंस्थेच्या सभेच्या तोंडावर आपली धावपळ झाली, त्याबद्दल माफी मागतो. पण पुढे आपण लिहिलंय, "पायथनच्या दहा ओळींचं काम, माझा भाचा सांगतो. यांनी उगाच लांबवलं." ते 'उगाच' फार लागलं.

डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या नोंदींचा तक्ता असलेली फाइल, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दहा ओळींत वाचता येते, भाच्याचं खरं आहे. त्यासाठी डीबीएफरीड ही लायब्ररी, म्हणजे तयार कोड, फुकट मिळते, आम्हीही तीच वापरतो. पण सोमवारी आपल्या पेनड्राइव्हवर फक्त डीबीएफ होत्या. कर्जखात्याच्या फाइलचा पहिला बाइट २४५ निघाला, म्हणजे फॉक्सप्रोची मेमो (लांब मजकुराचा रकाना) असलेली फाइल. तिच्यात 'शेरा' या रकान्यात मजकूर नसतोच, नुसता ब्लॉक नंबर असतो. मजकूर असतो त्याच नावाच्या एफपीटी फाइलीत, आणि ती आपण आणलीच नव्हती. त्याच संध्याकाळी मी फोन केला, मंगळवारी परत केला. जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे, शिपाई रजेवर आहे, असं आपणच म्हणालात. फाइल मिळाली रविवारी. हे दिवसही माझ्याच खात्यावर का मांडता?

एफपीटी नसली तरी पुढे जा, असं लायब्ररीला सांगता येतं. मग शेरा कोरा येतो, बाकी सगळं येतं. तसं केलं असतं तर बुधवारीच एक्सेल आपल्या हातात आणि पैसे माझ्या गल्ल्यात असते. पण जामीनदारांची नावं शेऱ्यातच आहेत, हे आपणच फोनवर सांगितलं होतंत. जामीनदार गाळून कर्जाची यादी द्यायला माझा हात धजला नाही.

रविवारनंतर चार दिवस लागले. त्यातला एक दिवस उशीर माझा, तो मान्य. नावं डॉसच्या काळात जिस्ट कार्डावर (कॉम्प्युटरवर भारतीय भाषांसाठी बसवायचं कार्ड) टाइप केलेली, इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीत, साठवलेली. पायथनमध्ये इस्कीची तयार सोय नाही; सरळ उघडलं की नावांच्या जागी चौकटी आणि रेघा दिसतात. अक्षरांचा तक्ता आम्ही स्वतः बसवला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासली. शिवाय फॉक्सप्रोत खोडलेली नोंद 'पॅक' ही साफसफाईची आज्ञा देईपर्यंत फाइलीतच राहते, तिला फक्त एक खूण लागते. तशा नोंदी वेगळ्या शीटवर काढून दिल्या, त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

बारा वर्षं हे दुकान चालवतोय. नवा माणूस आधी स्टार बघतो आणि मग आत येतो. यापुढे कोणत्या फाइली लागतील ते काम घेतानाच सांगू, मधूनमधून कळवतही राहू. आपण एकदा दुकानात यावं, कॉलची नोंद दाखवतो. स्टार राहू द्या, पण 'उगाच' हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपला,
दुकानमालक