खड्डा मी बुजवू दिलेला नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लॉनचा फोटो टाकला. मधेच हिरवं, मधेच करपलेलं. खाली आपल्या माळीमामांबद्दल लिहिलं होतं, "मामा मनाला येईल तिथं पाणी मारतात. या महिन्याच्या पगारातनं पाचशे कापा." त्याला अकरा अंगठे. अकरा! ज्यांच्या शेतात बसून आपण हुरडा खाल्ला, ती माणसं ही.

चहा तसाच टाकून खाली गेले. मामा लॉनपाशीच उभे होते. "सगळीकडं सारखंच मारतो ओ ताई," एवढंच बोलले. मी वॉचमनकडनं पहार मागून घेतली आणि करपलेल्या जागी घातली. चार बोटं माती, आणि खण्ण! स्लॅबचे तुकडे, विटांचा चुरा, सिमेंटचे गोळे. बांधकामाचा राडारोडा तिथंच पुरून वर मातीचा पदर पसरलाय. मग हिरव्या जागी घातली. पहार हातभर आत गेली. काळी माती, आणि तळाशी अजून ओल.

उजनी धरण मायनसमध्ये (म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचंच पाणी उरलेलं), नळाला पाच दिवसांआड पाणी, म्हणून लॉनला आठवड्यातनं दोनदाच पाइप लावायचा, हे आपणच मीटिंगमध्ये ठरवलं ना? रोज पाणी होतं तोवर त्या चार बोटं मातीतही गवत तगलं, कारण ती सुकायच्या आत पुन्हा भिजायची. आता तीन-तीन दिवस खंड पडतो. राडारोड्यावरची माती दुसऱ्या दिवशीच कोरडी ठक्क, काळी माती मात्र ओल धरून बसते. मामांनी पाणी सारखं दिलंय म्हणूनच गवत वेगवेगळं दिसतंय. एवढं साधं आहे हे!

पश्चिमेकडं तोंड असलेल्या भिंतीलगतचा पट्टा बघा. दुपारभर भिंत आणि पेव्हर ब्लॉक तापतात आणि रात्रीपर्यंत ती धग गवताला लागते. कडुलिंबाखाली सावली आहे, पण तिथलं पाणी गवताच्या आधी झाडाची मुळंच ओढून घेतात. पोरं क्रिकेट खेळतात तिथं माती इतकी दबलीय की पाणी मुरतच नाही, उताराला लागून गेटाकडं पळतं. (पोरांना बोलू नका, ती खेळणार कुठं?) आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाआधी "अगदी बारीक कापा मामा, गालिचा दिसला पाहिजे" असं कोण म्हणालं होतं? आपण. मीही होते त्यात. इतकं खरडून कापलं की पात्यांची सावली जाते, माती उघडी पडते आणि मुळंही वरच्या वर राहतात.

हो, मामा मधे दोन दिवस जत्रेला गावी गेले होते. लांबच्या कोपऱ्यात पाइप ओढायचा कंटाळाही करतात. मान्य. सोलापूरच्या ४३ डिग्रीत लॉन कशाला हवं, असंही कुणी म्हणेल. तेही मान्य, पण ते मामांनी मागितलं नव्हतं.

आणि गवत मेलंय हे कुणी सांगितलं? आपल्यात शेतकऱ्यांची लेकरं आहेत, हरळीच्या काशा, म्हणजे मातीखालची तिची खोडं, वेचून कंबर मोडलेली. आपलं लॉन म्हणजे हरळीच. वरून वाळते, खाली काशीत जीव धरून पडून राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात भिंतीकडचा सगळा पट्टा असाच पिवळा पडला होता. जूनच्या पावसानंतर एके सकाळी मामांनी मला हाक मारून कोंब दाखवले होते. चेहरा असा, जणू घरात पाळणा हलला.

तो माणूस आज मान खाली घालून मी खणलेल्या खड्ड्यातले विटांचे तुकडे हातानं वेचत होता. "ताई, राहू द्या, ग्रुपवर काही लिहू नका," म्हणाला. पाचशे रुपये म्हणजे त्याच्या घरचा किती दिवसांचा किराणा, ते अकरा जणांनी आपापल्या घरात विचारून बघा.

ग्रुपवर नाही लिहिलं मामा. इथं लिहितेय.

तो खड्डा तसाच आहे. संध्याकाळी सहाला अकराही जणांनी खाली या. पहार वॉचमनच्या खोलीत ठेवलीय. हवं तिथं घालून बघा, आणि मग पगाराचं बोला.