'निनावी' म्हटलेल्या कारागिरांना नावं होती

आफ्रिकी कलेबद्दल एक दावा सतत फॉरवर्ड होत असतो: तिथले कारागीर निनावी, त्यांना लेखी इतिहास नाही, युरोपीय अभ्यासकांनी अर्थ लावला म्हणून त्या वस्तूंना कलेचा मान मिळाला. यातलं पहिलं विधान मला सर्वांत जास्त खटकतं.

नायजेरियातल्या इकेरे राजवाड्याचं कोरीव दार १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात मांडलं होतं. त्यावर इकेरेचे राजे, म्हणजे ओगोगा, आसनावर बसलेत आणि डोलीत बसलेला ब्रिटिश अधिकारी त्यांच्या भेटीला येतोय. ब्रिटिश म्युझियमनं ब्रिटिश बनावटीचं एक सिंहासन देऊन ते दार घेतलं. ते कोरणारे इसे गावचे ओलोवे तेव्हा हयात होते. ते १९३८ मध्ये वारले. नाव विचारायला १४ वर्षं हाताशी होती! योरुबा लोकांत, म्हणजे ओलोवेंच्या समाजात, ओरिकी असते, आपल्या बिरुदावलीच्या जवळची. ओलोवेंच्या पत्नीनं १९८८ मध्ये त्यांची ओरिकी एका अमेरिकी अभ्यासकाला म्हणून दाखवली. इरोकोचं टणक लाकूड भोपळ्यासारखं मऊ असल्यागत कोरणारा, असं त्यात नवऱ्याचं वर्णन आहे. ५० वर्षं तिनं ते जपलं होतं.

लेखी इतिहासाचं म्हणाल, तर आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याच्या राजवाड्यात खांबांवर पितळी फलक असत: राजे, सरदार, पोर्तुगीज व्यापारी. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेनं ते लुटून नेले आणि ते ठिकठिकाणच्या संग्रहांत विखुरले. तरी बेनिनचेच इतिहासकार जेकब एघारेव्बांनी १९३०च्या दशकात जुन्याजाणत्यांकडून ऐकून बेनिनचा इतिहास लिहून काढला.

आणि युरोपीय अर्थ? हे ओतकाम आफ्रिकेतलं असेल यावरच लुटीनंतर शंका घेतली गेली. बेनिन शहरातल्या इगुन स्ट्रीटवर ओतारी घराणी मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून आजही पितळ ओततात.

बाहेरच्या अभ्यासाचं मोल मी नाकारत नाही. ती ओरिकी टिपणारा बाहेरचाच होता. बेनिनच्या कामातलं बरंचसं पितळ जर्मनीच्या ऱ्हाइनलँडमधल्या खनिजाचं, पोर्तुगीजांनी कड्यांच्या रूपात आणलेलं, हे २०२३ मध्ये प्रयोगशाळेतूनच कळलं. पण फलकावरच्या माणसाच्या हातात काय आहे, ते एदो, म्हणजे बेनिनच्या मूळच्या, माणसाला विचारावं लागतं. डिजिटल बेनिन ही ऑनलाइन सूची २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात १३१ संस्थांमधल्या ५,०००हून अधिक वस्तूंची नोंद होती. तिथे वस्तूंची एदो नावं दिलेली आहेत आणि ती उच्चारून ऐकताही येतात.